मोकळं वाटतंय

आई, येत्या रविवारी आपल्या बाहेरच्या खोलीत पडदा लागणार आहे. पडद्यामागं वायरमन आप्पा बसणार, कधी माझी भारीतली स्पीकरची केबल जोडणार, कधी बोअरच्या मोटारीची उरलेली वायर, आणि आम्ही सात-आठ बाप्ये पडद्यापुढं बसून आत्ता कोणती वाजतेय ते कागदावर लिहिणार. आप्पा ढोकीचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. तू गेल्यावर माझी त्यांची ओळख झाली. माझ्यासारखेच गाण्याचे आणि यंत्रांचे वेडे, पण केबलीचा विषय निघाला की त्यांचं तोंड एकीकडं आणि माझं दुसरीकडं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, मी पन्नाशी ओलांडली, आणि अजून वायरीवरून भांडतोय हे ऐकून तू कपाळाला हात लावशील. लाव. पण हे भांडण तुझ्या एका शब्दामुळं एवढं लांबलंय, म्हणून तुलाच लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे तिसऱ्यांदा बसलोय. दोनदा उठून स्पीकरच्या बॉक्सच्या मागं जाऊन आलो.

आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. धाराशिवचे, लातूरचे, बार्शीचे, पुण्याचेसुद्धा लोक आहेत त्यात. सकाळच्या चहाआधी वाद सुरू होतो. एकजण म्हणतो चांदीच्या तारेनं आवाज चकाकतो. दुसरा म्हणतो तांबंच हवं, पण ऑक्सिजन काढलेलं. तिसरा म्हणतो केबलवर बाण छापलेला असतो, त्याचं टोक स्पीकरकडंच पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. नवी केबल लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते, तोवर तिला नावं ठेवू नयेत, हे तर मी स्वतः लिहिलंय, तेही दोनदा. मग आप्पा लिहितात, "तारंला काय ठावं आत मोटार हाय का भजन? तांबं जाड पायजे, जोड घट्ट पायजे, बास." त्यावर कुणीतरी त्यांना सुनावतं की तुमचे कान तयार नाहीत. मग दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. एकदा आप्पांनी मला चारचौघांत धरलं. म्हणाले, "कारखान्यात तू उसाच्या रसाची गोडी यंत्रावर मोजतूस न्हवं? तिथं म्हंतूस का, माझ्या जिभंला गोड लागलं, लिवून घ्या?" आणि उत्तर सुचलं नाही की मी तुला पुढं करतो.

होय, तुला. त्या दुपारची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की आता ती पाठ झालीय. पुण्याहून केबलीचं पार्सल आलेलं, मी त्यासाठी रजा टाकून घरी. तोवर आपल्याकडं रानात बोअरमध्ये मोटार सोडताना उरलेली वायरच बॉक्सना जोडलेली होती. लांबच लांब, त्यामुळं बॉक्स कुठंही ठेवता यायचे. कमरेएवढे उंच ते दोन बॉक्स मी स्वयंपाकघराच्या दाराला दोन्हीकडून लावले होते, किंचित आत वळवून, तोंडं माझ्या खुर्चीकडं, कारण तसंच ठेवायचं असतं. नवी केबल मात्र जेमतेम दोन मीटर निघाली. म्हणून बॉक्स उचलून समोरच्या भिंतीला, अँप्लिफायरच्या टेबलापाशी आणले. भजनाची सीडी लावली. मी डोळे मिटून खुर्चीत बसलोय. तू अंगणातल्या नळाची कळशी कमरेवर घेऊन आत येतेस, स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबतेस आणि म्हणतेस, "आज लई मोकळं वाटतंय बघ."

मोकळं! आई, तुला कल्पना नाही, आमच्यातली माणसं याच शब्दासाठी जीव टाकतात. आवाज कोंदट नको, मोकळा हवा, टाळ आणि मृदंग यांच्यामधे जागा ऐकू आली पाहिजे. आणि तो शब्द तू उच्चारलास, तुला कुणी काही न सांगता. मी ताडकन उठलो. विचारलं, "तुलाबी कळलं व्हय?" तू म्हणालीस, "न कळाया काय झालं? रोजचंच हाय की माझं." आणि आत गेलीस. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

तेव्हापासून तू माझी साक्षीदार. ज्या बाईला केबल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तिला दारातून फरक कळला, आता बोला! मी असं लिहिलं की समोरचा गप्प व्हायचा. आईच्या शब्दावर कोण बोलणार? ग्रुपवर 'येडशीच्या माउलीचा दाखला' असं त्याचं नावच पडलं. जी माणसं कधी आपल्या येडशीच्या स्टेशनावर उतरली नाहीत, तीसुद्धा तुझा दाखला देतात. बार्शीच्या एका गुरुजींनी तर तेवढ्यावर भरवसा ठेवून केबल मागवली. एकटे आप्पा म्हणत राहिले, "म्हातारीला मधी आनू नगं. पडदा लाव."

मागच्या आठवड्यात ताई सोनारीहून आली. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत ग्रुपसाठी आवाजी निरोप बोलत होतो, तीच गोष्ट, तोच ठसका. ताई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "कुनाला सांगतुयास रं हे?" मी म्हणालो, सगळ्यांना. तर ती आधी हसली, मग म्हणाली, "आरं येड्या, ती दाराचं बोलत व्हती."

मला कळेना. ताईनं सांगितलं तसं लिहितो. "तू ती डबडी दाराला लावलीस तवापसून तिला कळशी घिऊन तिरपं होऊन आत जावं लागायचं. गुडघा वळत न्हवता तिचा. त्या साली माझ्याकडं आली तवा म्हनली, त्यानं डबडी हलवली, दार लई मोकळं झालं, आता सरळ जाता येतंय." मी चिडलो. हो, ताईवरच चिडलो. म्हणालो, मग मला का नाही सांगितलं तिनं? ताई म्हणाली, "सांगितलं की. तुझं ध्यान गान्यात व्हतं."

दोन वर्षं, आई. दोन वर्षं ते बॉक्स दारात होते. दिवसाला किती खेपा होत असतील, मी हिशेब करायला लागतो आणि सोडून देतो. डाव्या बॉक्सच्या दाराकडच्या वरच्या कोपऱ्यावर एक तेलकट, काळपट डाग आहे. तिथलं पॉलिश गेलंय. तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "बॉक्सला हात लावत जाऊ नको, लाकूड खराब होतं." तू म्हणालीस, "न्हाय लावत बाबा." आणि पदरानं तो कोपरा पुसलास. त्याच्यानंतरही तो डाग वाढत गेला आणि मी मनात तुझ्यावर रागावत राहिलो. मला चांदी आणि तांबं ऐकू येतं म्हणे. तुझा गुडघा दाराशी रोज अडत होता तो नाही ऐकू आला.

आता बाकीचंही एकेक सुचतंय, उशिरानं. केबल बदलली त्याच दिवशी बॉक्सची जागाही बदलली होती. आप्पा कधीचे सांगतायत की बॉक्स हातभर सरकवलास तरी आवाज बदलतो, वायरीनं बदलतो त्याच्या कितीतरी पट. म्हणजे त्या दुपारी आवाजात काही फरक पडलाच असेल तर तोही सरकवल्याचा. मी हे कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ग्रुपवर टाकायला घेतलं आणि बोट थांबलं. गुरुजींना काय सांगू? माउलीचा दाखला रद्द, ती दाराबद्दल बोलत होती?

आठ दिवस कशात मन लागेना. काल सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं. मी बॉक्स ओढत दारापाशी नेले, जिथं होते तिथं, आत वळवून. फरशीवर जुन्या खुणा अजून आहेत, त्यावर बरोबर बसले. तुझी पितळी कळशी माळ्यावरून काढली, नळावर भरली आणि कमरेवर घेतली. आमची सवय गेलेली, दारापर्यंतच दम लागला. सरळ जाईना. तिरपा झालो, पाय अडखळला, पाणी सांडलं, आणि सावरायला हात आपोआप गेला तो डाव्या बॉक्सच्या कोपऱ्यावर. त्या डागावर, आई. मी बघितलंसुद्धा नव्हतं. पुष्कळ वेळ तसाच उभा राहिलो, हात तिथंच ठेवून, आणि रडलो.

पडदा रविवारी लागेलच. कोण जिंकेल ते आता मला तेवढं महत्त्वाचं वाटत नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल, अजूनही वाटतं. हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी करून डाव्या बॉक्सखाली ठेवीन, तो जरा डुगडुगतोच. आणि एक राहिलं. ताईला नाही सांगितलं, आप्पांना तर नाहीच. त्या दुपारी केबल जोडून मी तासभर डोळे मिटून बसलो होतो ना, तो घाबरून बसलो होतो. तू दारात येऊन बोलेपर्यंत मला काहीच फरक ऐकू आला नव्हता.