साखर कमी झाली, अभिनंदन!

बुधवार, १४ मे

विषय: रविवार, ११ मे रोजी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी तुझ्या बैठकीच्या खोलीत माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या.

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचा. खराखुरा मी रविवारी तुझ्या नव्या गालिच्यावर घातला, आठही अंगं टेकवून. त्या वेळी तू व्याह्यांना गॅलरीतल्या कुंड्या दाखवत होतास.) तुझी कंबर, वहिनीचा गुडघा आणि गालिचा असे तिघंही सुखरूप असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती कशी आहे ते तू विचारलेलं नाहीस. रविवार संध्याकाळपासून तुझे चार फोन आले आणि चारही वेळा तू फक्त निर्णय कळवलास: मी माझं घर बंद करून तुमच्या मागच्या खोलीत राहायला यायचं. म्हणजे ज्या खोलीत चालण्याचं यंत्र आहे आणि ज्या यंत्रावर आजवर ओल्या टॉवेलांखेरीज कोणी चढलेलं नाही, त्या खोलीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लेखी. कागदाला मध्येच 'बरं, ते राहू दे' असं म्हणता येत नाही.

घटनाक्रम तुला माहीत आहे असा तुझा समज असेल. तो चुकीचा आहे. तू तीस वर्षं विमा कंपनीसाठी जळकी गोदामं आणि चेपलेल्या गाड्या तपासत हिंडलास, राखेच्या रंगावरून आग कुठे लागली ते सांगायचास असं म्हणतात (तूच म्हणतोस). त्या माणसाला स्वतःच्या सोफ्यावर सख्खी बहीण कोसळत असलेली ओळखता येऊ नये, ह्याचा पंचनामा आता मलाच करावा लागतो आहे.

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. हे तुला ठाऊक आहे, कारण तू ते चारचौघांत सांगतोस. जिने चढताना मी धापा टाकते ह्याची चिंता व्यक्त करून तूच मला त्या वजनाच्या डॉक्टरकडे पाठवलंस. काचेचा दरवाजा, भिंतीवर आधीचे लठ्ठ आणि नंतरचे बारीक लोक, आणि मध्यभागी तो डॉक्टर, ज्याच्या वयाच्या पोरांना मी ग्रंथालयात बोलू नका म्हणून बाहेर काढत असे. त्याने आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. पोटात टोचायचं, आपलं आपण. टोचण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की त्याने माझी भूक नेली. कुठे नेली कोण जाणे. चाळीस वर्षं जी माझ्याबरोबर इमानाने राहिली, रिकाम्या घरातही साडेसातला हाक मारायची, ती एका महिन्यात न सांगता निघून गेली. समोर टोस्ट ठेवला तर मी त्याच्याकडे एखाद्या न वाचलेल्या अहवालाकडे पाहावं तशी पाहायची. सहा किलो उतरले. तू फोनवर 'शाब्बास' म्हणालास. (तुझं 'शाब्बास' मला आजवर दोनदा मिळालं, एकदा नोकरी लागली तेव्हा आणि एकदा मी जेवणं सोडलं तेव्हा.)

आता रविवार. जेवण साडेबाराला असं तू सांगितलं होतंस. मी तुझ्यासारखी नाही, मला साडेबारा म्हणजे साडेबारा. माझी मधुमेहाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, अकरा वर्षं तशीच घेते. त्या हिशेबाने बाराला तुझ्याकडेच पाण्याबरोबर घेतली. सकाळपासून पोटात अर्धा टोस्ट. साडेबारा झाले, व्याही आले नाहीत. पाऊण झाला, व्याही रस्त्यात. एक वाजला, व्याही जिन्यात. आले ते विहीणबाईंसह, आणि आल्याआल्या जेवायला बसतील ते व्याही कसले! आधी घर पाहणं झालं. मग कुंड्या.

ह्या सगळ्या वेळात तुमच्या स्वयंपाकघरात नळवाला होता, बेसिनखाली डोकं घालून, फक्त पाय बाहेर. बारा वाजता मी गोळीसाठी पाणी घ्यायला गेले तेव्हा तो आतूनच म्हणाला, "मावशी, प्रेशर डाऊन आहे नळाचं." मी गप्प बसले असते तर मी मी नसते. म्हटलं, "डाऊन काय? कमी आहे म्हणा." तो पायांनीच हसला आणि म्हणाला, "कमी असतं तर चाललं असतं हो. डाऊन आहे." मला हसू आलं नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मराठी वाक्यात इंग्रजी शब्द किंवा इंग्रजी वाक्यात मराठी शब्द आला, की मदर त्या मुलीला दाराबाहेर उभं करत. भेसळ ही दुधातही वाईट आणि तोंडातही, असं त्यांचं म्हणणं. दुसरं त्यांचं म्हणणं असं, की वर्गाला आग लागली तरी मुलीने पूर्ण वाक्यात सांगावं, कर्ता आणि क्रियापदासह. ह्या दोन शिकवणींनी माझं आयुष्य घडवलं आणि रविवारी जवळजवळ संपवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी मला घाम फुटला. पंखा डोक्यावर, आणि ब्लाउज पाठीला चिकटलेला. हात असे थरथरू लागले, की कपाची बशी वाजायला लागली आणि विहीणबाई हळूच माझ्याकडे पाहून हसल्या. (त्यांना वाटलं मी त्यांना बिचकले. मी! त्यांना!) मग तुझ्या भिंतीवरचं घड्याळ दोन झालं. एका घड्याळात एक बारा, दुसऱ्यातही एक बारा. तेव्हा मी, मदरांना स्मरून, शुद्ध मराठीत, कर्ता आणि क्रियापदासह, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं: "दादा, माझी साखर कमी झाली आहे."

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या.

सुरुवात तू केलीस. तू गॅलरीतून ओरडलास, "अरे वा! अभिनंदन!" आणि व्याह्यांनी, यजमानाच्या मागे राहू नये म्हणून, दोन हात वर करून टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी डॉक्टरचा पत्ता विचारला. तू त्यांना सांगू लागलास, की हिचं वजनही उतरलं आणि आता साखरही, आणि हे सगळं तुझ्यामुळे. मी पुन्हा म्हटलं, की खूप कमी झाली आहे. तू म्हणालास, "बघा, खूप!" एवढं यश मला निवृत्तीच्या समारंभातही लाभलं नव्हतं. तिथे टाळ्या वाजल्या तेव्हा निदान मी उभी होते.

मी टीपॉयवरच्या साखरेच्या भांड्याकडे हात नेला. वहिनीने तो हात धरला. प्रेमाने धरला, हे मी पंचनाम्यात नोंदवते, पण घट्ट धरला. "वन्सं, अहो काय करताय? एवढी मेहनत वाया घालवाल!" आणि भांडं उचलून कपाटावर. पाहुण्यांसाठी आधीच मांडून ठेवलेलं पुडिंगही माझ्यासमोरून उचललं. मी म्हटलं, गोड हवं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून ती विरघळली आणि चहा घेऊन आली, गोड. मी तो दोन्ही हातांनी धरून, निम्मा पदरावर सांडत, एका दमात प्यायले. त्यात साखर नव्हती. त्यात तुमच्या त्या डबीतल्या दोन पांढऱ्या टिकल्या होत्या, ज्या जिभेला गोड लागतात आणि रक्ताला पत्ताही लागू देत नाहीत. बुडत्या माणसाला तुझ्या बायकोने काठीचं चित्र दिलं, दादा.

त्यानंतर साष्टांग.

मी शुद्धीत होते. गालिच्याची वीण दिसत होती, आणि वहिनीच्या चपलेला लागलेला साबणाचा फेस. आणि मग बेसिनखालचे पाय दिसले, उभे, माझ्याकडे धावत येणारे. नळवाला ओरडत होता, "ओ साहेब, टाळ्या काय वाजवताय! मावशींची शुगर डाऊन झालीय!" तू म्हणालास (हे मी आडवी असताना ऐकलं, आणि आडव्या माणसाला फार स्पष्ट ऐकू येतं), "अहो, कमीच तर व्हायला हवी होती!" आणि तो म्हणाला, "कमी होणं वेगळं, साहेब. डाऊन होणं वेगळं."

बाकी काम त्यानेच केलं. मला बसवलं, हनुवटी धरून विचारलं, "गिळता येतंय ना? माझ्याकडे बघा," आणि पान्यांच्या आणि वॉशरच्या पिशवीतून नारंगी सरबताची बाटली काढली. त्याची बायको सहा वर्षं इन्सुलिनवर आहे. ती बाटली तिच्यासाठी, रोज पिशवीत असते, ती सोबत असो वा नसो. (तुझ्या कपाटात तीस वर्षांचे पंचनामे आहेत. सरबताची एक बाटली नाही.) दहा-पंधरा मिनिटांत घड्याळ एकच झालं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन मोजली तेव्हा, बाटली पोटात जाऊन पस्तीस मिनिटं झाल्यावरही, साखर अठ्ठ्याहत्तर होती. बाटलीआधी किती असेल ते तू राखेच्या रंगावरून सांग.

सोमवारी मी आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, नुसत्या त्या इंजेक्शनने सहसा असं होत नाही. पण माझी ती जुनी गोळी शरीरातून इन्सुलिन पिळून काढते, तुम्ही जेवला की नाही हे ती विचारत नाही. इंजेक्शनने भूक मेली, जेवण लांबलं आणि गोळी मात्र वक्तशीर. तिघांनी मिळून मला पाडलं. त्यांनी गोळी निम्मी केली, वजनाच्या डॉक्टरला स्वतः फोन केला (बराच वेळ बोलले, बहुतेक तेच बोलले), पर्समध्ये कायम खरी साखर ठेवायला सांगितली आणि घरी मोजण्याचं यंत्र दिलं. मागच्या खोलीत राहायला जा, असं त्यांनी सांगितलं नाही. मी मुद्दाम विचारलं.

तेव्हा मुद्दा असा. माझ्या घरात मी एकटी राहते आणि तिथे मला आजवर काही झालेलं नाही. जे झालं ते तुझ्या घरात, पाच माणसांच्या देखत, त्यांतल्या चौघांच्या टाळ्यांच्या गजरात झालं. सुरक्षिततेसाठी एकाने दुसऱ्याकडे राहायला जायचंच असेल, तर तुम्ही दोघं नळवाल्याकडे जावं. माझ्या मागण्या: टाळ्यांबद्दल लेखी माफी, मागच्या खोलीचा निर्णय लेखी मागे, आणि वहिनीकडे असलेली माझ्या घराची किल्ली परत. उत्तर शनिवार, २४ मे रोजी संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या हाती यावं. पाचला ग्रंथालय बंद होत असे आणि एकतीस वर्षांत एकाही प्राचार्यासाठी ते पाच वाजून पाचला उघडलेलं नाही.

तुझी धाकटी बहीण (धाकटी, लहान नव्हे)

ता. क. नळवाल्याचा फोन नंबर कळव. माझा नळ ठीक आहे. जुन्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पर्समध्ये एक कार्ड ठेवलं आहे, ग्रंथालयातल्या पुस्तकसूचीच्या जुन्या कार्डाच्या पाठीवर सुबक अक्षरात: 'माझी शुगर डाऊन झाली असेल. खरी साखर द्यावी. टाळ्या नकोत.' खाली जवळच्या माणसाचा नंबर लिहायचा असतो.

आणखी ता. क. वजनाच्या डॉक्टरच्या फॉर्मवर 'इतर औषधे' असा रकाना होता. त्यात मी 'किरकोळ' असं लिहिलं. आणि जुन्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, कारण ते हसले असते. हे तू कोणाला सांगायचं नाहीस. माझं स्वतःला दाराबाहेर उभं करून झालं आहे.

शेवटचा ता. क. किल्ली वहिनीकडेच राहू दे. काल पहाटे पाचला जाग आली तेव्हा हात पुन्हा थरथरत होते. यंत्रावर एकशे दहा निघाली, म्हणजे साखर नव्हती, नुसती भीती होती. पण ते कळेपर्यंतची दोन मिनिटं घर फार मोठं वाटलं. तेव्हा हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला फोन कर. प्रकृती विचारू नकोस, सल्ला देऊ नकोस. एकच शब्द विचार: 'डाऊन?' मी 'नाही' म्हणेन आणि ठेवीन. मी उचलला नाही तर किल्ली घेऊन ये, आणि येताना सरबत आण. शब्द अशुद्ध आहे, मला मान्य आहे. तरी तोच वापर. लेखी उत्तराची मुदत मात्र शनिवारी पाचलाच संपते.