ईटच्या पानांचा निकाल

प्रिय अर्पू,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे बरे आहेत, तुझ्या आईचा गुडघा तेवढा थंडीनं धरतोय. फोनवर मला सगळं बोलता येत नाही. मी सुरुवात केली की तू "अण्णा, मी बघते" म्हणतेस आणि विषय जेवणावर नेतेस. आज कळंबला आलो होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून हे लिहितोय आणि इथल्याच पेटीत टाकणार आहे. आपल्या ईट गावच्या पोस्टात तुझं नाव लिहिलेला लिफाफा द्यायला मला सध्या नको वाटतं.

तूर यंदा अशी वाढलीय की वाटसरूनं गाडी थांबवून बघावी. माणूस आत शिरला तर दिसत नाही, एवढी गच्च आणि हिरवी. पण फूल नाही. एरवी कार्तिकात शिवार पिवळं होतं, मधमाश्यांची गुणगुण बांधावर ऐकू येते. यंदा रानात उभं राहिलं की कसलाच आवाज येत नाही. पानं बारीक, फिक्या ठिपक्यांची. लोक त्याला वांझ रोग म्हणतात, पुस्तकातही तेच नाव आहे म्हणालीस. आपल्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. तुझी वहिनी समोर असते ना. तुझी आई नुसतं "त्यो रोग" म्हणते आणि सोनाली ताट उचलून आत जाते.

श्रावणात तू पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाला आली होतीस, तेव्हाचे दिवस मला सारखे आठवतात. मी गाडी चालवायचो, तू मागं, मधे पानं ठेवायचा बर्फाचा डबा. लोक विचारायचे, पोरगी हैदराबादला काय करती? मी सांगायचो, पानातल्या रोगाची कुंडली वाचती आणि रोग पुढं कुठल्या शिवारात जाईल ते कम्प्युटरवर मांडती. तू हसून म्हणालीस, अण्णा, एवढं सोपं तर मला पण सांगता येत नाही. रोगाचा विषाणू शेतागणिक थोडाथोडा बदलतो, म्हणून कुठला कुणापासून आला ते ओळखता येतं, असंही तूच समजावलं होतंस. भाट जशी घराण्याची वंशावळ वाचतो, तसं. आणि पानावरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या कोळ्यांबरोबर तो वाऱ्यानं पसरतो, हेही. ज्या झाडाची पानं घेतलीस त्याला तू लाल फीत बांधायचीस, म्हणजे पुढच्या खेपेला तेच झाड सापडावं.

मग तू धोक्याच्या शिवारांचा नकाशा पाठवलास आणि शंभूनं तो कौतुकानं गावाच्या ग्रुपवर टाकला. बहिणीचं काम दाखवायची हौस, दुसरं काही नाही. नकाशात ज्या शिवारांवर गडद रंग होता, त्याच शिवारांत रोग आला. पहिल्यांदा लोकांनी मला चहा पाजला. बलभीमराव, पोरगी लई हुशार निघाली म्हणाले. नंतर चहा बंद झाला. पारावर मी गेलो की बोलणं थांबायला लागलं. एक दिवस भीमाशंकरनं तोंडावरच म्हटलं, "आधी पोरगी आली, मग रोग आला." मी समजावलं, अरे, जिथं धोका होता तिथंच ती गेली. पावसाचा अंदाज सांगणारा पाऊस पाडतो व्हय? त्यावर तो शांतपणे म्हणाला, "त्यो आमच्या रानात येऊन फिती बांधत न्हाय."

त्यानंतर झाडं उपटून टाकायला सुरुवात झाली, पण फक्त तू फीत बांधलेली. एका सकाळी तुझी आई अंगण झाडायला गेली, तर त्या वाळक्या झाडांचा भारा आपल्या फाटकाला टांगलेला. फिती तशाच, वर हळदकुंकू टाकलेलं. गिरणीवाल्यानं सोनालीचं दळण तसंच परत दिलं. शंभू आता अंधार पडायच्या आत घरी येतो.

तू सांगितलं होतंस ना, रोगट झाडं उपटून नष्ट करा, म्हणजे शेजारचं वाचेल. मी आपली सगळी तूर उपटली आणि जाळली. वाटलं, एकानं केलं की बाकीचे करतील. कुणी केलं नाही. धूर गावभर दिसला आणि संध्याकाळपर्यंत बोलणं सुरू झालं की बलभीमाला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्यानं पुरावा जाळला.

या सगळ्यापेक्षा मला धुरपदाबाईंची भीती वाटते. त्या भांडत नाहीत, शिव्या देत नाहीत. पहिल्यांदा तुला रानात येऊ दिलं ते त्यांनीच, आपल्या हातानं भुईमुगाच्या शेंगा भाजून दिल्या होत्या तुला. गावात सगळ्यात आधी त्यांचीच तूर गेली. आता रोज दुपारी येतात, आपल्या ओट्यावर बसतात. चहा घेत नाहीत. "अर्पू कवा येणार?" एवढंच विचारतात. काल मी म्हटलं, काय काम आहे, मला सांगा. म्हणाल्या, "न्हाय, तिलाच इचारायचंय."

अमावास्येनंतर ग्रामपंचायतीपुढं बैठक ठरलीय. त्याच सुमाराला तू संस्थेची गाडी घेऊन, बरोबर दोन विद्यार्थी घेऊन येणार म्हणालीस. येऊ नकोस. हे सांगायलाच लिहायला बसलो होतो, पण एवढंच असतं तर फोनवरही सांगितलं असतं. वाशीच्या जाफरभाईंच्या रोगट रानातून निघालो त्या दिवशी पानांची एक पिशवी फाटली होती. तू धुरपदाबाईंच्या बांधावर बसून ती बदललीस, आणि मग त्यांच्या तुरीत शिरलीस. त्यांची पानं तेव्हा स्वच्छ होती. दसऱ्याला तू पुन्हा त्यांची पानं नेलीस ती रोगट. प्रत्येक गावाचा निकाल तू मला उत्साहानं कळवायचीस, जाफरभाईंचा तर मध्यरात्री कळवलास. ईटच्या पानांचा निकाल मात्र तू अजून सांगितला नाहीस, आणि मीही विचारला नाही. आज विचारतो. धुरपदाबाईंच्या रानातला रोग वाऱ्यानं आला, की आपल्या पिशवीतून? चार माणसांत मी छातीवर हात ठेवून सांगत आलोय की माझ्या पोरीनं काही आणलेलं नाही. वाऱ्यानं आला असेल तर बैठकीला मी एकटा पुरेसा आहे. तसं नसेल तरी मला खरंच सांग, माझ्या फोनवर, सकाळी, मी रानात असतो तेव्हा. मग मी बैठकीच्या आधी धुरपदाबाईंच्या घरी जाईन. त्यांना ते माझ्या तोंडून कळलं पाहिजे, आणि ते कळेल तेव्हा तू या गावापासून लांब असली पाहिजेस.

काहीही निघालं तरी तुझाच,
अण्णा