वस्तादांची मुद्दाम केलेली चूक

वस्ताद, तुमची पाठ कशी आहे? काकूंचा दमा? आणि आपला कंडक्टर, तुमच्या मागोमाग तोही तिकडेच आला, त्याला आता तरी दोन्ही कानांनी ऐकू येतं का? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारल्याशिवाय पुढे लिहवत नाही. इकडे हिचे गुडघे कुरकुरतात, माझी साखर वर-खाली. पोरगी ठणठणीत आहे. तिचंच सांगायला बसलोय.

एसटीत तुम्ही मला गाडी शिकवलीत, ते दिवस आठवा. रिकामी गाडी, वणीचा घाट, तुम्ही स्टेअरिंगवर, मी शेजारी. उतार लागतो, खालचा गिअर टाकायला हवा, आणि तुम्ही मुद्दाम वरचाच ठेवता, माझ्याकडे बघतही नाही. मला चूक दिसते, पण जीभ उचलत नाही. वस्तादांना कसं सांगायचं? तुम्ही गाडी कडेला घेता. "काय रे, दरीला जास्त घाबरतोस का मला?" मागून कंडक्टर खिदळतो, "तुमालाच, वस्ताद. दरी शिव्या देत नाय." असं महिनोन्महिने चाललं, तेव्हा कुठे मी बोलायला शिकलो.

दोन हजार सालानंतर पोरगी वैमानिक झाली. लहान शहरांना विमानं नेणाऱ्या एका नव्या कंपनीत लागली. तुम्ही डेपोभर मिरवलं असतंत. पण तिथलं शिकवणं फार घाईचं. विमानं आली, माणसं कमी. रोज नवा सर, कालच्याने सांगितलं त्याच्या उलट आजचा सांगणार. जमिनीवरच्या नकली विमानात परीक्षा झाली. शेजारच्या कॅप्टनने विमान ठरल्यापेक्षा खाली नेलं, मुद्दाम. तिला दिसलं, ती गप्प राहिली. नापास. "अण्णा, ते एवढे सीनियर. वाटलं, त्यांच्या लक्षात असेलच." आता एकच संधी उरली होती. ती हुकली की नोकरी गेली.

मधे ती घरी आली. म्हटलं, वस्तादांचीच विद्या लावून बघू. सिन्नरला आत्याकडे निघालो आणि द्वारका चौकात जीप पुणे रोडला न घेता सरळ आग्रा रोडला लावली. तिने पाटी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, "द्राक्षं छान दिसतायत यंदा." पिंपळगावची कोल्ड स्टोरेजं आली तरी तेच. शेवटी मीच हरलो, गाडी वळवली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईला हळूच सांगत होती, "अण्णांना आता लांबवर गाडी देऊ नकोस गं. रस्ता विसरतात. मी काही बोलले नाही, वाईट वाटेल त्यांना."

तेव्हाच आत जाऊन म्हणायला हवं होतं, पोरी, हीच तर परीक्षा होती. पण तिच्या आवाजात इतकी माया, की माझीच जीभ उचलली नाही. पुढच्या परीक्षेत ती पुन्हा गप्प राहिली. आता शाळेत गणित शिकवते. वरून विमान गेलं की मान वर करत नाही. तिला वेळ देणारा एखादा वस्ताद भेटायला हवा होता, एवढंच राहून राहून वाटतं.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. आता मी खरोखरच वळणं चुकतो. परवा द्वारकेवर तसंच झालं. पोरगी शेजारीच होती, द्राक्षांबद्दल बोलत राहिली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, कुणास ठाऊक, उशाखालीच राहील. तरी लवकर लिहा, वस्ताद. शिव्या घातल्यात तरी चालेल. इथे मला 'चुकलास' म्हणणारं कुणी उरलं नाही.