डासांना प्रिय ठरल्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
नागरी आरोग्य कार्यालय,
द्रोणागिरी, ता. उरण.

विषय: गच्चीवरील विज्ञानचर्चेनंतर अर्जदारास डासांपुढे बसविले जात असल्याबाबत.
संदर्भ: चर्चा बंद करण्याविषयी अर्जदाराचा गेल्या आठवड्यातील अर्ज.

महोदय,

१. अर्जदार श्यामसुंदर पडवळ हे न्हावा शेवा बंदरात कस्टमची कागदपत्रे हाताळून निवृत्त झाले असून 'सागरछाया' सोसायटीत एकटेच राहतात. त्याच सोसायटीतील डॉ. संघप्रिया वाघमारे डासांवर संशोधन करतात आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर, चहाच्या निमित्ताने, नवे संशोधन सोपे करून सांगतात. रक्त गोड असल्याने डास चावतात हा गैरसमज असून कातडीवरील काही आम्लांच्या वासाने ते विशिष्ट माणसांकडे जास्त ओढले जातात, असे त्यांनी एकदा सांगितले. ते पटावे म्हणून रहिवाशांचे वापरलेले मोजे डासांच्या जाळीदार पेटीत दोन-दोन करून ठेवले. अर्जदाराचा मोजा असलेल्या प्रत्येक फेरीत डास त्याच मोज्यावर बसले. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, असे डॉक्टर सांगत होत्या. परंतु तेवढ्यात कांदाभजी आल्याने विज्ञान तिथेच थांबले.

२. तेव्हापासून अर्जदारास सोसायटीतील प्रत्येक कार्याचे अगत्याचे बोलावणे येऊ लागले. प्रथम ते सुखावले. मात्र त्यांची खुर्ची दरवेळी नाल्याकडच्या कोपऱ्यात, एकटीच मांडलेली असे. सेक्रेटरी रूपेश म्हात्रे यांच्या मुलीच्या बारशाला, "काका, तुमी इथंच बसा, बाळाला डास नको," अशी विनंती झाली. बाळाकडे पाहून नाही म्हणवेना. पुढे जेवणाचे ताटही कोपऱ्यातच आले, तेव्हा मन विटून संदर्भीय अर्ज करण्यात आला.

३. काल रविवारी अर्जदार दार लावून घरीच बसले. डॉ. संघप्रिया स्वतः बोलवायला आल्या. त्यांनी सारी हकिगत ऐकून घेतली. हसू दाबले असल्यास ते दिसले नाही.

"काका, तुम्हाला जास्त चावले म्हणजे शेजारचा वाचतो, असं मी कधी म्हटलं?"

अर्जदाराने आठवून पाहिले. म्हटले नव्हते.

"मग हे तुम्हीच वर येऊन सांगा. भज्यांपुढे माझं कोण ऐकतंय?"

अर्जदार गेले आणि चारचौघांत उभे राहून जन्मात पहिल्यांदा बोलले. त्या वेळी उपस्थित सर्वच जण पोटऱ्या खाजवीत असल्याने मुद्दा सिद्ध करणे सोपे गेले. रूपेश यांनी कोपऱ्यातील खुर्ची उचलून मधोमध आणून ठेवली.

४. सबब, मागील अर्ज रद्द समजावा. इमारतीमागील तुंबलेला नाला साफ करून धूरफवारणी करावी, ही विनंती. फवारणी मात्र रविवारी संध्याकाळी नसावी. पत्नीच्या पश्चात अर्जदार एका कपापुरतेच दूध घेत आले आहेत. येत्या रविवारी गच्चीवरचा चहा त्यांच्याकडे आहे.

आपला नम्र व खाजवीत असलेला,
श्यामसुंदर पडवळ
दि. १८ नोव्हेंबर २०२४