बुधवारची मोकळी संध्याकाळ

शहाणे,

सूप पातेल्यात आहे, गरम करून घे. मी दवाखान्यात कामावर जातेय. पुढच्या वर्षासाठी तू निवडलेल्या विषयांच्या वेळापत्रकावर सही केलेली नाही, कारण मला त्यात बरंच काही खटकलंय.

ॲडव्हान्स्ड गणित एक वेळ समजू शकते. पण ॲडव्हान्स्ड रसायन? प्रयोगशाळेच्या नुसत्या वासाने तुझं डोकं उठतं. वर इतिहासही ॲडव्हान्स्ड, आणि शाळा सुटल्यावर जादा तास. सकाळी तुला उठवताना माझ्या नाकी नऊ येतात, आणि एकाएकी अभ्यासाची एवढी ओढ! कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात तो बुधवार. बाकी सगळे दिवस तू अंधार पडल्यावर घरी येणार, आणि मोकळी संध्याकाळ फक्त बुधवारची. नेमकी माझी उशिराची पाळी असते त्याच दिवशी! कोण येतं गं बुधवारी घरी?

बाबांना खोदून खोदून विचारलं. म्हणाले, "कोण येणार? सोफ्यावर लोळते, मोठ्यांदा गाणी लावते, माझ्याशी गप्पा मारते." तू? आणि गप्पा? माझ्यासमोर तर 'हो' नि 'नाही'च्या पलीकडे तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय, एवढं मला कळतं.

आधी ते रसायन खोड, मग सही मिळेल. आणि मी आजच पाळी बदलून घेतेय. यापुढे बुधवारीसुद्धा संध्याकाळी मी घरीच असेन. मारू गप्पा.

आई