तुमची चार गावं

काका, परवा माझी मुलगी लॅपटॉपवर तोच खेळ खेळत बसली होती. आता चित्रं फार सुधारलीत, नदीचं पाणी खरंच हलतं, पण आत खेळ तोच. सगळा नकाशा काळा, हाताशी वस्ती करणारी दोन माणसं, आणि म्हणे, कर तुझं राज्य उभं. पोरीने एकच गाव वसवलं होतं आणि त्यात भला मोठा मनोरा बांधायला घेतला होता. मी गवार निवडता निवडता बोलून गेले, "अगं, आधी चार गावं वसव, शहाणपण मग." तिने ऐकलं आणि तासाभरात तिचा जम बसला. "मम्मी, तुला कोणी शिकवलं हे?" असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, "कोणी नाही गं, डोकं चालवलं की येतं." बोलले आणि जीभ चावली. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्या ताटातलं उचलतेच आहे. म्हणून लिहायला बसले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. हातात केमिस्ट्रीची डिग्री, आणि वाटायचं की सुरतेजवळच्या पलसाण्याच्या त्या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये आपल्याइतकं शिकलेलं कोणी नाही. तुम्ही तिथले मास्टर. अमळनेरकडून पोरवयात आलेले, आधी कापडाच्या गाड्या ढकलल्या, मग मशीनवर, मग रंगावर, करत करत मास्टर झालेले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कापडाला बोट लावून सांगायचात की लाल थोडा जास्त पडलाय. मी उधन्याची, आमचंही मूळ खानदेशचंच हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणालात, "मास्टर-बिस्टर बाकीच्यांसाठी, तू काका म्हण." आणि त्याच दिवशी मला बोलणीही बसली. मशीनमधून कापून आणलेला तुकडा मी टेबलावरच ट्यूबलाइटखाली नमुन्याशेजारी धरला आणि म्हटलं, जमला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, उत्तरेच्या खिडकीपाशी गेलात, आणि तिथे तो सरळ वेगळाच दिसायला लागला. "ट्यूबलाइट खोटं बोलते बेटा. रंग दिवसाला विचारायचा. मेंदी न् खाकी तर दोनदा विचारायचा." सगळ्या लॅबसमोर बोललात याचा मला राग आला होता. आज मी नव्या पोरींना हेच वाक्य ऐकवते, आणि तेही माझं म्हणूनच.

मग लॅबमध्ये कॉम्प्युटर आला. शेठने रंगांच्या रेसिपी साठवायला घेतलेला, आणि बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता फ्लॉपीवरून हा खेळ टाकून दिला. जेवणाच्या सुट्टीत मी खेळायला लागले. तुम्ही डबा घेऊन मागच्या स्टुलावर बसायचात. माऊसला हात लावायचा नाही हा तुमचाच नियम, कारण बोटांना सदा रंग. मी खेळायचे, तुम्ही विचारायचात. मी आपली एका गावात ठाण मांडून बसायचे, एकामागून एक विद्या शोधत आणि जगातली आश्चर्यं बांधत, आणि तोवर शेजारचे राजे येऊन चारी बाजूंची जमीन खाऊन टाकायचे. तिसऱ्यांदा हरले तेव्हा तुम्ही भाकरीचा तुकडा हातातच धरून म्हणालात, "घाई कसाले करस? पाय ठेवायला जागा उरली नाही, तर ते ज्ञान काय चुलीत घालशील?"

त्या दिवसापासून खेळ तुमच्या सांगण्याने चालू झाला. पहिलं गाव नदीकाठी. तिथे आधी एक पहारेकरी, मग लगेच वस्तीवाले बाहेर काढायचे. दुसरं गाव फार लांब नको, हाकेच्या अंतरावर, म्हणजे एकावर संकट आलं तर दुसरं धावेल. तिसरं डोंगराजवळ, चौथं समुद्राच्या तोंडाशी. चार होईपर्यंत मनोरे नाहीत, देवळं नाहीत. मी विचारलं, हे कुठून सुचतं तुम्हाला, तर हसलात. तुम्ही तुमच्या घरचं असंच बसवलं होतं. आधी स्वतः लिंबायतला एक खोली धरली, मग एकेक भाऊ आणला, पण सगळ्यांना एकाच कारखान्यात लावलं नाही. एकाला सचिन गावात, एकाला कडोदऱ्याला. एखादं खातं, एखादा कारखाना, बंद पडला तर चार चुली विझायला नकोत, म्हणून. फक्त एकदा तुम्ही जेवण अर्धं टाकलंत. गावातून वस्तीवाले निघाले की मूळ गावची माणसं कमी होतात, आकडा खाली येतो, हे मी तुम्हाला दाखवलं तेव्हा. "आपलं गाव बी आसंच रिकामं व्हयनं," म्हणालात आणि डबा बंद केलात.

आणि विद्यांचं. मला तत्त्वज्ञान हवं असायचं, कारण ते नाव भारी. तुम्ही विचारायचात, त्याच्या आधी काय लागतं? मी वाचून दाखवायचे, अमुक लागतं. मग त्याच्या आधी? असं मागे मागे जात आपण अक्षरांपर्यंत, मातीच्या भांड्यांपर्यंत यायचो. "धुतल्याशिवाय रंग चढतो का? तसंच आहे हे," म्हणायचात. इंग्रजी नावं लक्षात राहीनात, म्हणून एका जुन्या शेडकार्डाच्या, रंगांचे नमुने लावतात त्या पुठ्ठ्याच्या, पाठीवर तुम्ही चिंध्या चिकटवायला सुरुवात केली. मातीच्या भांड्यांना गेरू रंगाची, कांस्याला तपकिरी, अक्षरांना शाईनिळी, कायद्याला करडी. आणि कुठून कुठे जायचं ते सुईने दोरा टाकून दाखवलेलं. कांसं आधी, कारण रानटी टोळ्या येतात. मग भांडी, मग अक्षरं, आणि चौथं गाव वसलं की लेखन, म्हणजे चारही गावांत एकदमच ग्रंथालयं सुरू. इतका सुंदर आराखडा मी कॉलेजातही पाहिला नव्हता. तो तक्ता माझ्या टेबलावरच्या भिंतीला टांगलेला असायचा. तुम्ही येता जाता त्याच्यावर नजर टाकायचात, नवी चिंधी सापडली की खिशात घालून आणायचात.

आता तो दिवस. किती वर्षं मी याच्याभोवती फिरत्येय आणि आत शिरत नाही. दुपार आहे. तुम्हाला रंगाच्या व्यापाऱ्याकडे सुरतेला जायचंय. मशीनमध्ये मेंदी रंगाच्या साड्यांचा दुसरा लॉट आहे, त्याच ऑर्डरचा पहिला अर्धा माल पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, आधीच गेलेला. तुमच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय मशीनवाला माल उतरवत नाही, म्हणून तुम्ही कोऱ्या चिठ्ठीवर सही करून ती माझ्या हातात देता. असं तुम्ही कधी कोणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. "तुकडा आला की खिडकीत धर, बघ, मग दे. कमी वाटलं तर थांबव, मी येऊन बघेन." तुम्ही गेलात, मी खेळ उघडला. सुट्टी नव्हती, खोटं कशाला बोलू. आपल्या चौथ्या गावाचे वस्तीवाले समुद्राच्या तोंडाशी पोचत होते आणि पलीकडून दुसऱ्या राजाचेही तिकडेच येत होते. दोन चालींचा प्रश्न होता. मशीनवाला तुकडा घेऊन आला, मी उठले नाही. तो इस्त्रीने वाळवला त्यानेच. मी एका हाताने तुकडा नमुन्याशेजारी धरला, ट्यूबलाइटखाली, दुसरा हात माऊसवर. जमला. चिठ्ठी दिली. चौथं गाव वसलं. तुम्ही परत आलात तेव्हा मी आनंदाने पहिलं तेच सांगितलं, आणि तुम्हीही खूश झालात. मग विचारलंत, "मेंदी?" मी म्हटलं, "पास."

चार दिवसांनी शेठ लॅबमध्ये आले, हातात दोन साड्या. एकीचा रंग मेंदी, दुसरीचा उन्हात धरला की विटकरीकडे जाणारा. सगळा माल पार्टीने परत पाठवला होता. तुम्ही खाली मशीनवर होतात. शेठची नजर आधी कॉम्प्युटरवर गेली, तिथे आपला नकाशा उघडाच होता, मग भिंतीवरच्या चिंध्यांवर. "आ कोणे बनाव्युं?" त्यांनी तक्त्याकडे बोट करून विचारलं. मी म्हटलं, "मास्टरे." काका, ते खरं होतं. तेच मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं, की मी खोटं बोलले नाही. पण शेठ काय समजले, की कामाच्या वेळी खेळत बसतात ते मास्टरच, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं होतं, आणि मला ते तसंच समजून हवं होतं. हायसं वाटलं होतं मला. माझ्याच पोटातली ही गोष्ट आहे, दुसऱ्या कोणाला कळायची नाही, पण हायसं वाटलं होतं.

तेवढ्यात तुम्ही वर आलात. शेठने चिठ्ठी दाखवली, तुमची सही. तुम्ही त्या दोन्ही साड्या घेतल्या, खिडकीपाशी नेल्या, बघितल्या. मग माझ्या टेबलाशी आलात आणि त्याच साड्या ट्यूबलाइटखाली धरल्या. तिथे दोन्ही एकसारख्या. तुम्हाला सगळं कळलं. डाइंगमधल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं की हा माल कुठे आणि कसा पास झाला. शेठला ते बारकावे ठाऊक नव्हते. तुम्ही साड्यांची नीट घडी घातलीत आणि म्हणालात, "सही मेरी है, शेठ." मी तिथेच उभी. तोंड उघडायला चांगली पाच मिनिटं मिळाली होती मला. महिनाअखेर तुम्हाला जायला सांगितलं. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, हळूच एवढंच म्हणालात, "खिडकी दोन पावलंवर व्हती, बेटा." मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन तुमच्या खुर्चीवर बसले, कारण शेठने लॅब माझ्याकडे दिली होती.

तुम्ही सचिनला एका लहान खात्यात लागलात, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान मास्टरच्या हाताखाली. पण नाव तुमच्या आधी तिथे पोचलं होतं. गेमवाला मास्टर. आमच्या खात्यात पोरं नकला करायची, माऊस फिरवत डोळे बारीक करायची, आणि मी हसायचे. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी हसायचे. वर तो साठवलेला खेळ मी पुसलाही नाही. तोच पुढे खेळत राहिले, तुमच्या तक्त्याप्रमाणे, चिंधीमागून चिंधी, लेखन आणि ग्रंथालयं आणि पुढचं सगळं. कुठेही अडलं नाही. पाऊणेक महिन्यात जिंकले, पहिल्यांदाच. शेवटी खेळाने जिंकणाऱ्यांच्या यादीत टाकायला नाव विचारलं, तर मी माझं टाकलं. तेव्हा दुसरं काही सुचलंसुद्धा नाही.

तुम्ही गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. दहाव्याला लिंबायतला आले. ती गल्ली, बाहेर मांडलेल्या खुर्च्या, आत बायका. काकूंनी मला ओळखलं, जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. आणि मग म्हणाल्या, "त्यास्ले त्या खेळना नाद लागना आन चांगली नोकरी गयी. तू ते शिकेल व्हती बेटा, तू तरी त्यास्ले सांगाले पाहिजे व्हतं." म्हणजे तुम्ही घरीही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं बायकोचे टोमणे ऐकले असतील, भावांनी समजावलं असेल, की या वयात कसले खेळ खेळता, आणि तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. काकूंचा हात माझ्या पाठीवर होता. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "हो काकू, चुकलंच माझं." त्यांनी मलाच पाणी दिलं.

काका, मला माझीच लाज वाटते, आणि ती वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. माझ्या हाताखाली आता सहा पोरी आहेत. मी कडक आहे असं म्हणतात. मुलीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. सांगेन, तिला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे. अवघड दुसरं आहे. हे पत्र मी तुम्हाला लिहितेय, पण तुम्हाला यातलं सगळं तेव्हाच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्या काकू अजून त्याच गल्लीत राहतात, माझ्या घरून रिक्षाने वीस मिनिटं. त्यांना वाचता येत नाही, पण शेजारची कोणी मुलगी वाचून दाखवील. गेल्या रविवारी मी गल्लीच्या तोंडाशी उतरलेसुद्धा होते. काकू दारात बसून लसूण सोलत होत्या. मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून अर्धा किलो भेंडी घेतली आणि त्याच रिक्षाने परत आले.