दहा अंक टिकलेलं बोट

आप्पा, सकाळपासून एक खोकं तीनदा वाजवलं, तीनदा मोजलं, तरी त्याच्या पाठीवर आकडा लिहायला हात होत नाही. उमरग्याच्या आपल्या त्याच दुकानात बसलेय. बँजोवाल्यांनी स्वतःच्या बेतानं बनवून घेतलेला सबवूफर आहे. "ताई, किती वॅट सोसंल तेवढं सांगा," म्हणून गेलेत. मीटर दाखवतोय ते मला पटतंय, आणि तरी उठून पुन्हा पुन्हा त्याला बोट लावते. ही तुमची खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची तर मेल्यावरही गेली नाही, माझ्याकडे राहिली.

लोहाऱ्याच्या जयंतीसाठी आपण दोघांनी केलेला तो 'ढोल' स्पीकर आठवतो का? सोसायटीनं मोडीत काढलेल्या कपाटाच्या फळ्यांचं खोकं, आणि आतली कॉइल मी गुंडाळलेली. तुमची रीत ठरलेली: तासभर गाणी वाजवायची, मग कॉइलमागच्या लोखंडाला बोट टेकवून दहा अंक मोजायचे. बोट टिकलं की आवाज वाढवायचा. मी सोलापूरला रेडिओचा कोर्स करून आलेली, मी मीटर लावला. थंड असताना कॉइल सहा ओहम, तासाभरानं नऊ. तांब्याची तार तापली की रोध वाढतो. दीडपट झाला म्हणजे आत तार भाजत होती.

"आप्पा, साठ वॅटच लिहू."

"मीटरला काय कळतंय? म्या हात लावलाय की. शंभर!"

असं म्हणताना वितळलेल्या डाखाचा थेंब तुमच्या त्याच बोटावर पडला, आणि तुम्ही बोलतच राहिलात. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून ती बोटं मेली होती. त्याच खडीवर मी शिकले, आता त्या बोटांना खोटं कोणत्या तोंडानं म्हणू? मी ब्रश घेतला आणि शंभर रंगवलं.

मिरवणूक अर्ध्यावर आली आणि कॉइलच्या तारेवरचं वार्निश जळल्याचा वास सुटला. ढोल मुका झाला. सगळे तुमच्याकडे बघायला लागले, तशी तुम्ही चारचौघांत माझ्याकडे बोट केलंत. "पोरीनं वार्निश कच्चं ठेवलं. न्हायतर आपला माल असा जातोय व्हय?" मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात येते, तर आई पाण्याला गेलेली, आणि तुम्ही चुलीवरच्या तापलेल्या रिकाम्या तव्याला बोट लावून मोजताय. सात, आठ, नऊ, दहा. मग बोट उचलून उजेडात धरता. मी पाय न वाजवता मागं फिरले. त्या दिवसापासून दुकानात तुम्ही म्हणायचात, "तू लाव गं बोट, माझे हात मळलेत." पुढं जन्मभर तुमचे हात मळलेलेच राहिले. वार्निशाचं ते बोलणं मात्र कधी मागं घेतलं नाहीत, आणि त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

हे लिहितेय तो कागद तुमच्या फोटोपुढं ठेवणार नाही, मीटरच्या खोक्यात घडी घालून ठेवेन. तुमचा मान राखायला मी गप्प बसले, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. पण लोहाऱ्यात तो जळका वास आला ना आप्पा, तेव्हा सगळ्यांत आधी मला बरं वाटलं होतं. माझा मीटर खरा निघाला होता.